पेशीचा प्रश्न निवडा, आजार त्याच वाटेवर भेटतो

तुमचे तीन प्रश्न आहेत. जीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपत आले आहे, पेशीजीवशास्त्र आणि चेताविज्ञान दोन्ही आवडतात, तर एकच निवडावे लागते का? अल्झायमर किंवा पार्किन्सनसारखा एखादा आजार पक्का करूनच सुरुवात करावी का? आणि या क्षेत्रातल्या वैज्ञानिकाची वीस-पंचवीस वर्षे प्रत्यक्षात जातात कशी?

पहिल्याचे उत्तर एका ओळीचे आहे. निवडावे लागत नाही, कारण चेतापेशी (न्यूरॉन) ही आधी पेशी आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्यावर मी बरेच बोलणार आहे. मी सव्वीस वर्षे अक्षतंतूमधल्या, म्हणजे चेतापेशीतून निघणाऱ्या लांब तंतूमधल्या (ॲक्सॉन), वाहतुकीवर काम करते आहे, आणि आजाराचे नाव डोक्यात ठेवून सुरुवात केली असती तर यातले बहुतेक काम माझ्या हातून झालेच नसते, असे मला मनापासून वाटते.

आधी तो विषय काय आहे ते सांगते. कण्याच्या खालच्या भागात अशा चेतापेशी आहेत ज्यांचा अक्षतंतू थेट पावलाच्या स्नायूंपर्यंत जातो. मोठ्या माणसात त्याची लांबी सुमारे 1 मीटर भरते. पेशीचा मुख्य भाग, म्हणजे जिथे केंद्रक असते ती पेशीकाया, 50 मायक्रोमीटर रुंद धरू. आता ही पेशीकाया 3 मीटरची खोली आहे अशी कल्पना करा. त्याच प्रमाणात वाढवले तर त्या खोलीतून 60 किलोमीटर लांबीचा एक बोळ निघतो, आणि त्याची रुंदी जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढीच असते. बोळाच्या पार टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने मात्र खोलीतच तयार होतात. तिथून ती टोकापर्यंत न्यावी लागतात, तीही दिवसरात्र आणि माणूस जगेल तोवर.

ही वाहतूक दोन वेगांची आहे. पडद्याच्या इवल्या पिशव्या, म्हणजे पुटिका, झपाट्याने जातात. सस्तन प्राण्यांच्या चेतांमध्ये, म्हणजे अक्षतंतूंच्या जुडग्यांमध्ये, त्यांचा वेग दिवसाला 400 मिलिमीटरच्या आसपास मोजला गेला आहे. म्हणजे एक मीटरला अडीच दिवस. पेशीच्या सांगाड्याची प्रथिने मात्र दिवसाला साधारण 1 मिलिमीटरने सरकतात. पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे आकडे मी वहीत मांडले आणि भागाकार केला. 1 मीटर म्हणजे 1000 दिवस, पावणेतीन वर्षे. आज पेशीकायेत तयार झालेला एक रेणू पावणेतीन वर्षांनी पावलात पोहोचणार! त्या रात्री मी घरी उशिरा गेले. इतका वेळ तो रेणू टिकतो कसा, वाटेत थांबतो कुठे, त्याला ढकलते कोण, हे प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहेत.

कारकीर्दीचा खरा कणा असा प्रश्न असतो. पदे, पेपर, अनुदाने त्याच्याभोवती जमत जातात. याच प्रश्नाचा इतिहास थोडा सविस्तर सांगते, कारण या क्षेत्रात माणसे कशी काम करतात ते त्यातून जितके कळते तितके कुठल्याही सल्ल्यातून कळत नाही.

1948 मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी प्राण्यांच्या चेतेला आवळून धरले आणि आवळलेल्या जागेच्या अलीकडे, पेशीकायेच्या बाजूला, ती फुगलेली पाहिली. आवळण सोडल्यावर साचलेला माल पुढे सरकला, दिवसाला एखाद-दोन मिलिमीटर. अक्षतंतूत काहीतरी सतत वाहत असते, हे पहिल्यांदा इतक्या उघडपणे दिसले. साधने म्हणाल तर चेता बारीक नळीतून ओवून आवळायची, वाट पाहायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पुढच्या दोन-अडीच दशकांत किरणोत्सारी अमिनो आम्ले वापरून जलद वाहतुकीचा वेग मोजता आला. पण जाणारा माल डोळ्यांनी दिसत नव्हता. पुटिका इतक्या लहान असतात की साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली त्या उठून दिसत नाहीत.

ते 1981-82 च्या सुमारास बदलले. सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडून चित्रातला फरक इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाढवण्याचे तंत्र आले. रॉबर्ट ॲलन, स्कॉट ब्रॅडी आणि रेमंड लासेक यांनी ते स्क्विड या समुद्री प्राण्याच्या महाकाय अक्षतंतूवर वापरले. हा अक्षतंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांना दिसतो. टूथपेस्टच्या ट्यूबमधून काढावा तसा त्यातला गर लाटून काचेवर काढता येतो. 1982 मध्ये त्यांनी दाखवले की गर बाहेर काढला, भोवतीचा पडदा गेला, तरी आतली वाहतूक चालूच राहते. माझ्या दृष्टीने हा या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग आहे. पेशी नाही, पडदा नाही, विद्युतसंदेश नाही, आणि तरी पुटिका आपल्या वाटेने चाललेल्याच!

आता रॉन वेल यांच्याकडे येऊ. ते तेव्हा स्टॅनफर्डमध्ये एरिक शूटर यांच्याकडे पीएचडी करत होते. विषय होता चेतावृद्धी घटक, ज्याला सगळे एनजीएफ म्हणतात. हा संदेशवाहक रेणू अक्षतंतूच्या टोकाशी पकडला जातो आणि पेशीकायेपर्यंत उलटा प्रवास करून येतो. तो येतो कसा, या कुतूहलातून वेल वाहतुकीकडे वळले. तिथेच माइक शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनी मायोसिन हे स्नायू आकुंचवणारे प्रथिन लावलेले मणी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंवरून चालवून दाखवले होते. स्नायूत चालते तेच यंत्र अक्षतंतूत चालत असेल, असा अंदाज बांधून वेल आणि शीट्झ यांनी स्क्विडवर प्रयोग करायचे ठरवले. 1983 च्या एल निन्योमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्विड मिळेनात. म्हणून ते दोघे देशाच्या दुसऱ्या टोकाला, वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेले.

तिथे गेल्यावर अंदाज चुकला. पुटिका ज्या तंतूंवरून चालत होत्या ते ॲक्टिन नव्हतेच, त्या सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या पोकळ नळ्या, होत्या. मग गरातला विरघळलेला भाग काचेवर लावून त्यावर सूक्ष्मनलिका सोडल्या, तर त्या काचेवरून सरकू लागल्या. मोटर, म्हणजे माल ओढणारे प्रथिन, त्या द्रवात होती. ती पकडायची कशी? ब्रॅडी आणि लासेक यांनी दाखवले होते की एएमपी-पीएनपी हे एटीपीसारखेच (एटीपी म्हणजे पेशीचे इंधन) दिसणारे पण सहजी न तुटणारे रसायन घातले की पुटिका सूक्ष्मनलिकांना चिकटून बसतात आणि वाहतूक ठप्प होते. वाहतूक थांबवणारे तेच रसायन मोटर पकडण्याचे आमिष ठरले. ते घातले की मोटर सूक्ष्मनलिकेला घट्ट धरते, एटीपी घातले की सोडते. 1985 मध्ये वेल, टॉम रीझ आणि शीट्झ यांनी या प्रथिनाला कायनेसिन हे नाव दिले. पुढे कळले की ते 8 नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकते, दर पावलाला एक एटीपी खर्च करते आणि सेकंदाला 100 च्या आसपास पावले टाकते.

यातल्या एका गोष्टीपाशी थांबते. वेल यांचे मूळ गृहीतक चुकीचे निघाले, पण प्रश्न बरोबर होता, आणि डोळ्यांसमोर काहीतरी हलत होते. समोर हलणारे काही असले की चुकलेले गृहीतक तुम्हाला फार काळ अडकवून ठेवत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

सिडनी ब्रेनर यांनी 1974 मध्ये सी. एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या आनुवंशिकीवरचा मोठा पेपर काढला. ज्या कृमींची हालचाल बिघडलेली, वेडीवाकडी होती त्यांच्या जनुकांना 'अनकोऑर्डिनेटेड' या शब्दावरून 'अन्क' असे नाव आणि पुढे क्रमांक देण्याची पद्धत पडली. त्यातले एक अन्क-104. या कृमींना धड सरपटता येत नाही. 1991 मध्ये डेव्हिड हॉल आणि एडवर्ड हेजकॉक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यांच्या चेतासंधींमध्ये, म्हणजे अक्षतंतू पुढच्या पेशीला संदेश देतो त्या जागी, पुटिका फार थोड्या होत्या आणि पेशीकायेत त्यांची गर्दी झाली होती. खोलीत मालाचा ढीग पडलेला आणि बोळाच्या टोकाला दुकान रिकामे. अन्क-104 हे कायनेसिनच्याच कुळातले जनुक निघाले. चेतासंधीच्या पुटिका वाहून नेणारी मोटर ती हीच. त्याचा सस्तन प्राण्यांतला भाऊ म्हणजे केआयएफ1ए. आणि 2011 मध्ये या जनुकातल्या बिघाडामुळे माणसात आजार होतात हे पुढे आले. पाय ताठरणे, संवेदना हरपणे, मुलांची बौद्धिक वाढ मंदावणे अशी त्यांची रूपे आहेत.

आज अशा मुलांचे आईवडील डॉक्टरांना विचारतात, 'हे जनुक करते काय?' आणि त्यांना उत्तर मिळते. ते उत्तर एका वाकड्या सरपटणाऱ्या कृमीपासून सुरू झाले. ज्यांनी ते शोधले त्यांच्यासमोर त्या आजाराचे नाव नव्हते, कारण त्याला नावच नव्हते. माझ्याकडे प्रवेशासाठी येणारे पुष्कळ विद्यार्थी पहिल्याच वाक्यात आजाराचे नाव घेतात. त्यामागची कळकळ मला समजते. कित्येकदा घरात आजी किंवा वडील त्या आजाराने गेलेले असतात, आणि ती कळकळ खरी असते. पण आजार हा शेकडो घटनांचा गुंता असतो. त्यातली एक घटना तुम्ही हातात धरू शकता. 'अल्झायमरवर काम करायचे आहे' यापेक्षा 'अल्झायमरमध्ये साचणारे टाऊ हे प्रथिन सूक्ष्मनलिकेवर बसलेले असताना कायनेसिनचे काय होते हे बघायचे आहे' असे म्हणालात तर सोमवारी सकाळी काय करायचे ते तुम्हाला ठाऊक असते. आणि आजारापासून तुम्ही तसूभरही लांब गेलेले नसता.

तिसरा प्रश्न, ही वर्षे जातात कशी. इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे, कारण यशाच्या गोष्टी तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील.

पीएचडीनंतर मी ज्या लॅबमध्ये पोस्टडॉक म्हणून गेले तिथे आम्ही उंदरांच्या भ्रूणातल्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूचा एक भाग) चेतापेशी काचेवर वाढवत असू. एका मोटर-सहायक प्रथिनात आम्ही बदल केला होता आणि बदललेल्या पेशींमध्ये पुटिकांचा वेग कमी होतो का ते बघत होतो. पहिल्या महिन्यातच फरक दिसला. वेग जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी कमी. पुन्हा केले, पुन्हा तेच. आठ महिने मी त्यावर काम केले. आकृत्या तयार झाल्या, पेपरचा मसुदा तयार झाला.

एके दुपारी माझी दुसरी डिश सूक्ष्मदर्शकाशेजारी टेबलावर तशीच राहिली होती. वाढमाध्यमात आम्लता दाखवणारा लाल रंग असतो. इन्क्युबेटरमधून काढताना तो नारिंगीकडे झुकलेला असतो. त्या डिशमधला रंग आता चक्क गुलाबी झाला होता. मी तिच्याकडे बघत राहिले. माध्यमातला बायकार्बोनेट इन्क्युबेटरच्या हवेतल्या 5 टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने घातलेला असतो. डिश बाहेर राहिली की वायू उडून जातो आणि माध्यम अल्कधर्मी होत जाते. शिवाय तेलात बुडणारे भिंग काचेला टेकले की ते नमुन्यातली उष्णता शोषून घेते. आणि मी गेले आठ महिने रोज आधी साध्या पेशी बघत होते, मग बदललेल्या. सवय म्हणून, दुसरे काही कारण नाही. बदललेल्या पेशी रोज तासभर जास्त बाहेर राहत होत्या, थंड होत होत्या, गुलाबी माध्यमात बसत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. डिशवरच्या खुणा शेजारच्या विद्यार्थिनीला झाकायला सांगितल्या, भिंगाला तापवणारे कडे बसवले. पाच आठवड्यांनी खुणा उघडल्या. वेगात काहीही फरक नव्हता.

मी गाइडकडे गेले आणि सगळे सांगितले. त्यांनी मसुदा बाजूला ठेवला आणि विचारले, 'मग खरे काय दिसते आहे?' मी त्याच चित्रफिती नव्याने पाहायला बसले. आम्ही अशा चित्रफितींचा कायमोग्राफ काढतो, म्हणजे अक्षतंतूतली एकच रेघ घ्यायची आणि प्रत्येक क्षणाची ती रेघ आधीच्या रेघेखाली मांडत जायची. चालणारी पुटिका तिरक्या रेषेसारखी दिसते, थांबलेली पुटिका उभ्या रेषेसारखी. आठ महिने मी फक्त तिरक्या रेषांचा उतार मोजला होता. आता उभ्या रेषा पाहिल्या. बदललेल्या पेशींमध्ये पुटिका थांबत होत्या जास्त वेळ. चालताना वेग तोच होता, विश्रांती लांबली होती. हा फरक क्रम बदलला तरी टिकला, तापमान सांभाळले तरी टिकला, नव्या कल्चरमध्येही, म्हणजे नव्याने वाढवलेल्या पेशींमध्येही, टिकला. पुढची सतरा वर्षे मी पुटिका का थांबतात यावरच काम केले आहे.

पुढे मला कळले की मंद वाहतुकीचे कोडेही असेच उलगडले होते. न्यूरोफिलामेंट, म्हणजे पेशीच्या सांगाड्याचे तंतू, दिवसाला मिलिमीटरभर सरकतात म्हणजे ते संथपणे वाहत जातात, असे अनेक वर्षे मानले जात होते. 2000 मध्ये अँथनी ब्राउन यांच्या गटाने चमकणारे न्यूरोफिलामेंट जिवंत अक्षतंतूत पाहिले. ते चालतात तेव्हा झपाट्यानेच चालतात, फक्त बहुतेक वेळ थांबलेले असतात. पावणेतीन वर्षांचा तो प्रवास म्हणजे मुख्यतः थांबे आहेत. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीतल्या भागाकाराचे उत्तर असे मिळाले.

म्हणून कौशल्यांबद्दल विचाराल तर मी सर्वांत आधी प्रयोगाची मांडणी शिकायला सांगेन. क्रम चिठ्ठ्यांनी ठरवणे. मोजणाऱ्याला कुठली डिश कुठली ते माहीत नसणे. आणि संख्या कशाची मोजायची ते समजणे. ही शेवटची गोष्ट आमच्या क्षेत्रातली सगळ्यांत पसरलेली चूक आहे. तीन कल्चरमधून 240 पुटिका मोजल्या तर पुष्कळ जण नमुना 240 धरतात. पण एकाच डिशमधल्या ऐंशी पुटिका एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. त्यांनी तेच माध्यम प्यायलेले असते, तेच तापमान सोसलेले असते. स्वतंत्र प्रयोग तीन आहेत, म्हणून नमुनाही तीनच. हे मान्य केले की कित्येक ठसठशीत फरक विरून जातात, आणि जे उरतात त्यांच्यावर पाच वर्षे घालवायला भीती वाटत नाही.

हातांचे काम दुसरे. चेतापेशींचे कल्चर पुस्तकातून येत नाही. गॅरी बँकर यांनी 1977 मध्ये मॅक्सवेल कोवन यांच्याबरोबर हिप्पोकॅम्पसच्या पेशींची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यावर आजही निम्मे क्षेत्र चालते. 1988 मध्ये त्यांच्याच गटाने या पेशींच्या वाढीचे पाच टप्पे वर्णन केले. तिसरा टप्पा तुम्ही स्वतः बघावा अशी माझी फार इच्छा आहे. सुरुवातीला पेशीला चार-पाच सारख्याच लांबीचे फाटे असतात. काही तास ते थोडे वाढतात, थोडे आखडतात, कोण पुढे जाणार काही सांगता येत नाही. मग दीड दिवसाच्या आसपास एक फाटा धावत सुटतो. तोच अक्षतंतू. बाकीचे मागे राहतात आणि पुढे डेंड्राइट, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, होतात. एका पेशीला आपली दिशा सापडताना तुम्ही पाहिली की मग पेशीजीवशास्त्र निवडू की चेताविज्ञान, हा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारणार नाही.

संगणकाचे काम तिसरे, आणि ते आता टाळता येत नाही. चित्रफितींचे विश्लेषण करण्यापुरते प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षातच शिका. चेतापेशी ओळखून देणारी, रेषा शोधून देणारी तयार साधने आता पुष्कळ आहेत आणि ती वापरावीत. मात्र सुरुवातीचे शंभर कायमोग्राफ हाताने काढा. उभ्या रेषा महत्त्वाच्या आहेत हे मला कुठल्याही साधनाने सांगितले नसते, कारण उतार मोज असे मीच त्याला सांगितले असते.

विद्युतमापन, म्हणजे पॅच क्लॅम्प, यावेच का? तुमच्या प्रश्नाला लागले तर. मला ते स्वतः कधी शिकावे लागले नाही. लागले तेव्हा ज्यांना येते त्यांच्याबरोबर काम केले.

हे दुसऱ्यांबरोबर काम करणे किती मोलाचे असते ते रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याकडे बघून कळते. वर ज्या एनजीएफचा उल्लेख आला तो त्यांचाच शोध. 1938 च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना इटलीत विद्यापीठाबाहेर काढले, तेव्हा त्यांनी झोपण्याच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर काम केले. 1952 मध्ये त्या अर्बुद (गाठ) असलेले उंदीर विमानातून घेऊन रिओ दि जानेरोला हर्था मायर यांच्या कल्चर प्रयोगशाळेत गेल्या. काचेवर अर्बुदाशेजारी ठेवलेल्या चेतागंडिकेभोवती (चेतापेशींचा पुंजका) तंतूंचे प्रभामंडल उगवलेले त्यांनी पाहिले. पण तो पदार्थ कोणता हे शोधायला रसायन हवे होते, आणि ते स्टॅन्ली कोहेन यांच्याकडे होते. सक्रिय भाग न्यूक्लिक आम्ल आहे का हे तपासायला कोहेन यांनी सापाचे विष घातले, कारण विषातली विकरे (एन्झाइम) न्यूक्लिक आम्ल तोडतात. तर परिणाम उलट वाढला! विषातच तो घटक भरपूर होता. मग विषग्रंथींशी नाते असलेल्या लाळग्रंथी उंदरात तपासल्या, आणि तिथे तो सापडला. दोघांना 1986 चे नोबेल मिळाले. एकीकडे पेशीकडे बघण्याची नजर होती, दुसरीकडे रेणू वेगळा काढण्याचा हात. एकाच माणसात दोन्ही असावे असा हट्ट धरू नका.

टप्प्यांबद्दल थोडक्यात. पीएचडीला बहुधा पाच-सहा वर्षे, त्यानंतर पोस्टडॉकला तीन ते सहा. पीएचडीत तुम्ही एक गोष्ट पूर्ण करायला शिकता. पोस्टडॉकमध्ये पुढची वीस वर्षे पुरेल असा प्रश्न शोधता, म्हणून ती लॅब निवडताना तिथला प्रश्न तुम्हाला बरोबर नेता येईल का हे आधीच विचारा. गाइडने 'हा भाग तुझा' असे स्पष्ट सांगितले पाहिजे. माझ्या गाइडनी थांब्यांचा विषय मला देऊन टाकला आणि स्वतः त्यावर पुन्हा काम केले नाही. त्या औदार्यावर माझी लॅब उभी आहे. स्वतःची लॅब झाली की हात प्रयोगातून सुटत जातात. दिवस अनुदानांच्या अर्जांत, विद्यार्थ्यांच्या मसुद्यांत, बिघडलेल्या लेझरच्या मागे जातात. मी अजून आठवड्यातला एक सकाळचा वेळ सूक्ष्मदर्शकासाठी राखून ठेवते आणि त्या वेळेत कोणाला भेटत नाही. नाहीतर मी फक्त इतरांनी काढलेल्या आकृत्या बघणारी बाई होईन, याची मला काळजी वाटते.

आणि एक, मन खचते. सहा महिने काहीच चालत नाही असे प्रत्येकाच्या वाट्याला येते, बुद्धीशी त्याचा संबंध नसतो. कल्चरला मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग झाला, नव्या बॅचचे रसायन वेगळे वागले, उंदरांची पैदास थांबली, कारणे अशीच असतात. अशा वेळी ज्या लॅबमध्ये माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात तिथे तुम्ही टिकता. जिथे सगळे आपापल्या टेबलावर गप्प असतात तिथून चांगली माणसे निघून जातात. हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून लॅब बघायला जाल तेव्हा गाइडशी अर्धा तास बोला आणि विद्यार्थ्यांशी दोन तास. त्यांना दोन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी कुठला निकाल चुकीचा निघाला आणि तो कोणी पकडला? उत्तर लगेच आणि न अडखळता आले तर ती लॅब चांगली. दुसरे म्हणजे, आज सूक्ष्मदर्शकावर काय चालू आहे ते दाखवाल का? डिश ठेवली की खुर्ची ओढून बसा, खोलीतला दिवा मालवायला सांगा आणि किमान वीस मिनिटे काही न बोलता पडद्याकडे बघा. पहिली पाच मिनिटे नुसते ठिपके दिसतील. मग त्यातला एखादा ठिपका चालायला लागेल, थांबेल, मागे वळेल. तो का थांबला, असे तुमच्या तोंडून आपसूक निघाले तर त्याच संध्याकाळी अर्ज पाठवा.